नव्या कॉम्प्युटरवर डिस्प्ले येत नाही? पार्ट परत पाठवण्याआधी हे तपासा

"सगळे पंखे फिरतात, लाइटही लागतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." सुटे पार्ट मागवून घरीच कॉम्प्युटर जोडणारी मुलं आणि त्यांचे पालक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: मदरबोर्ड डेड आलाय वाटतं, परत पाठवू का?

इतक्यात पाठवू नका. नव्याने जोडलेल्या मशीनवर डिस्प्ले न येण्याला खराब पार्ट क्वचितच कारणीभूत असतो. एखादी केबल चुकीच्या जागी लागलेली असते, रॅम अर्धवट बसलेली असते, नाहीतर प्रोसेसर बोर्डातल्या बायोसपेक्षा नवा असतो. मुंबईतला माणूस बोर्ड पिशवीत घालून संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारू शकतो. रत्नागिरीतून तोच बोर्ड कुरियरने जायचा, सर्व्हिस सेंटरला तपासला जायचा आणि परत यायचा, यात आठवडे जातात. एवढं होऊन "पार्टमध्ये दोष नाही" असा शेरा आला, तर वेळही गेला आणि कुरियरचे पैसेही. म्हणून पार्टवर शिक्का मारण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या आहेत.

नेमकं काय होतंय?

"चालू होत नाही" या तीन शब्दांत तीन वेगळ्या तक्रारी असतात. तुमची कोणती, ते आधी ठरवा.

- काहीच हालचाल नाही. पंखा नाही, दिवा नाही. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच, भिंतीवरचा सॉकेट, २४ पिनांची केबल आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची बारीक वायर पाहा. बटणाची वायर चुकीच्या पिनांवर बसणं फार नेहमीचं आहे. मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवूनच ती लावा.
- चालू होतं, दोन-तीन सेकंदांत बंद पडतं, पुन्हा चालू होतं. प्रोसेसरची पॉवर केबल, रॅम किंवा कुठेतरी शॉर्ट असण्याचा संशय घ्या. मात्र पहिल्यांदा चालू करताना किंवा बायोस रीसेट केल्यावर मशीन आपणहून एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतं. तो दोष नव्हे.
- चालूच राहतं, पण स्क्रीन काळी. बहुतेक वाचकांची तक्रार ही असते आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक गोष्ट करून पाहा. की-बोर्डवरचं नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन बहुधा पूर्ण सुरू झालेलं आहे आणि फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नाहीये. मग आत हात घालायची गरजच नाही, दोष बाहेर शोधा.

कॅबिनेट उघडण्याआधी

पहिलं म्हणजे केबल कुठे लावली आहे ते पाहा. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लागली पाहिजे. मदरबोर्डाच्या वरच्या पोर्टला लावून तासन्तास डोकं धरून बसलेले लोक कमी नाहीत.

याची उलट बाजूही आहे. कार्ड नंतर घेऊ म्हणून ते न बसवता मशीन चालू केलं, तर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असावे लागतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ते नसतात. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्समध्येही नसतात, ५६००जीमध्ये असतात. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये कामापुरते ग्राफिक्स आहेत, पण ७५००एफमध्ये नाहीत. असा प्रोसेसर कार्डाशिवाय चालवला तर डिस्प्ले येणारच नाही. त्यात बिघाड काही नाही.

पुढे मॉनिटर. त्याच्या मेन्यूत इनपुट बरोबर निवडला आहे का ते पाहा. केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर, असं असेल तर चित्र येत नाही. केबल बदलून पाहा. घरात एचडीएमआय असलेला टीव्ही असेल तर त्याला जोडून बघा. तपासणीसाठी याहून चांगला दुसरा मॉनिटर मिळणार नाही.

ऑफिसातला जुना मॉनिटर घरी आणून वापरणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. त्यांच्या मॉनिटरला अनेकदा फक्त व्हीजीए असतं आणि आजच्या ग्राफिक्स कार्डांना व्हीजीए नसतं. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली नुसती वायर चालत नाही. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. दुकानात "वायर द्या" न म्हणता "कन्व्हर्टर द्या" म्हणा.

आणि थोडा धीर धरा. डीडीआर५ रॅम असलेली मशिनं, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटची, पहिल्या वेळी रॅमची जुळणी करण्यात काही मिनिटं घेतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून बंद केलंत, तर ती जुळणी दर वेळी नव्याने सुरू होते. पहिल्यांदा पंधरा मिनिटं हात न लावता चालू ठेवा.

गाडीतून आणलेलं मशीन

काही जण मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरातल्या दुकानातूनच मशीन जोडून आणतात. दुकानात ते चालताना डोळ्यांनी पाहिलेलं असतं, घरी आल्यावर मात्र डिस्प्ले नाही. आंबा घाट किंवा महामार्गाचे धक्के खाऊन आलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि रॅम सैल झालेली असू शकतात. कार्ड जड असतं आणि आडवं लटकत असतं. प्लग काढा, कार्ड आणि रॅम बाहेर काढून पुन्हा नीट बसवा. पुढच्या वेळी दुकानदाराला कार्ड काढून त्याच्या खोक्यातच द्यायला सांगा आणि कॅबिनेट आडवं ठेवून आणा.

आतल्या जोडण्या

प्लग काढून पॉवर बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. एसएमपीएसच्या धातूला हात लावा आणि मग कामाला लागा.

1. प्रोसेसरची पॉवर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांचं सॉकेट असतं. २४ पिनांची मोठी केबल लावून अनेक जण हे विसरतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसरला वीजच नसते. केबलवर 'सीपीयू' लिहिलेलं असतं आणि ती ४ अधिक ४ अशी दुभंगते. ६ अधिक २ वाली केबल ग्राफिक्स कार्डाची. एक दुसऱ्यात जोर लावून बसवू नका.
2. ग्राफिक्स कार्डाची पॉवर. कार्डावर पॉवरचं सॉकेट असेल तर ते रिकामं ठेवून चालत नाही.
3. रॅम. डिस्प्ले न येण्याच्या कारणांत ही फार वरची आहे. खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन, क्लिप 'कट' असा आवाज करेपर्यंत बसवा. नव्या बोर्डांवर लागणारा जोर पाहून भीती वाटते, म्हणून ती अर्धवट राहते. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच रॅम असेल तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि दोन असतील तर दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये, ही सर्वसाधारण पद्धत. तरी मॅन्युअल पाहाच.
4. कूलर. त्याच्या तळाचं प्लॅस्टिक काढलं होतं का? त्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच आहे का?

खोक्यावर मांडून चालवा

एवढं करूनही स्क्रीन काळी राहिली, तर मशीन सुटं करा. कंटाळवाणं आहे, पण घरच्या घरी दोष पकडण्याची याहून खात्रीची पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवू नका, कारण तिच्या बाहेरच्या बाजूने वीज वाहू शकते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम ठेवा. २४ पिनांची आणि ८ पिनांची केबल लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतील तरच कार्ड बसवा. एसएसडी, समोरचे यूएसबी, रंगीत दिव्यांच्या वायरी, सगळं बाजूला. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन सुरू होतं. तिथे अगदी कमी व्होल्टेज असतं. मात्र पिना त्याच आहेत ना, हे मॅन्युअलमध्ये दोनदा पाहा. एसएसडी नसली तरी बायोसची स्क्रीन यायलाच हवी.

डिस्प्ले आला, तर दोष कॅबिनेटच्या जोडणीत होता. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांशी जुळतात का ते पाहा. एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकला की शॉर्ट होतं. मागच्या पत्र्याची एखादी पाकळी पोर्टमध्ये घुसलेली असते, कधी निसटलेला स्क्रू बोर्डाखाली सापडतो. मग एकेक भाग जोडत जा आणि दर वेळी चालू करून पाहा. ज्या भागानंतर चित्र गेलं, तो भाग किंवा त्याची जोडणी तुमची गुन्हेगार.

डिस्प्ले नाही आला, तर रॅम बदलून बदलून पाहा: पहिली कांडी प्रत्येक स्लॉटमध्ये, मग दुसरी. त्यानंतर बायोस रीसेट करा. प्लग काढून बोर्डावरच्या रीसेट पिना दहा सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ हा बटणसेल पाच मिनिटं काढून ठेवा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो सेटिंग चालू केल्यावर डिस्प्ले गेला असेल, तर तो एवढ्यानेच परत येतो.

यानंतर उसने पार्ट लागतात. आधी एसएमपीएस, मग रॅम, मग कार्ड या क्रमाने बदलून पाहा, कारण हे पार्ट कोणाकडूनही तासाभरासाठी मिळू शकतात. फिनोलेक्स अकॅडमीत किंवा शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारं ओळखीचं कोणी असेल तर विचारा. या मुलांपैकी एखाद्याकडे तरी स्वतः जोडलेलं मशीन असतं, आणि अशी मदत ती मनापासून करतात. एक काळजी मात्र घ्या: मॉड्युलर एसएमपीएस आणलंत तर त्याच्या केबलाही त्याच्याच घ्या. केबलचं टोक दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये बसतं, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असते आणि पार्ट जळू शकतात.

बोर्डावरचे चार बारीक दिवे

बऱ्याच बोर्डांवर कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात. चालू होताना ते एकामागून एक लागतात आणि जिथे मशीन अडतं तिथला दिवा तसाच राहतो. डीरॅमचा राहिला तर रॅम, व्हीजीएचा राहिला तर कार्ड किंवा मॉनिटरची केबल. बूटचा राहिला तर मशीन जवळपास शेवटपर्यंत पोहोचलं आहे. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथे बोर्डाला लावायचा छोटा बीपर स्पीकर घ्या, तो अगदी थोडक्यात मिळतो. सगळी रॅम काढून मशीन चालू केल्यावर बीप ऐकू आले, तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जिवंत आहेत असं धरायला हरकत नाही.

प्रोसेसर नवा, बायोस जुना

हा प्रकार वाचकांना फार छळतो, कारण यात प्रत्येक पार्ट ठणठणीत असतो आणि जोडणीही बरोबर असते. सॉकेट जुळतं, प्रोसेसर बसतो, तरी बोर्ड त्याला ओळखत नाही. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा तो प्रोसेसर बाजारात आलेलाच नसतो. गोदामात वर्षभर पडून असलेला बोर्ड सवलतीत घेतला की हे हमखास होतं.

- बी४५० बोर्डावर रायझन ५००० मालिका
- एच६१० किंवा बी६६० बोर्डावर इंटेलची १३वी, १४वी पिढी
- बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिका

या जोड्या चालतात, पण बायोस नवा असेल तरच. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर, त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. तुमच्या प्रोसेसरसमोर कोणता बायोस लिहिला आहे ते पाहा. बोर्डावर किंवा खोक्यावर चिकटवलेल्या लेबलावर अनेकदा आतल्या बायोसचा क्रमांक छापलेला असतो. दोन्ही ताडून पाहिलं की उत्तर मिळतं.

उपाय दोन आहेत. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर फॅट ३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर नवी बायोस फाइल टाका, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर तिचं नाव बदला, ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टला लावा आणि बटण दाबा. हे काम प्रोसेसर त्या बोर्डावर चालत नसला तरी होतं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, नाहीतर बोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे हे काम यूपीएसवरच करा. बटण नसेल, तर बोर्ड ओळखेल असा जुना प्रोसेसर लावून बायोस अपडेट करावा लागतो. ते दुकानातून करून घ्या. खरेदीआधीच दुकानदाराला "या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट करून पाठवा" असं लिहून कळवलंत, तर हा सगळा खटाटोप वाचतो.

दमट हवा आणि घरातली वीज

जून ते सप्टेंबरात आलेलं पार्सल लगेच फोडून जोडू नका. पार्सल एसीच्या थंड जागेतून आलं असेल किंवा खोकं बाहेर ओलसर झालं असेल, तर पार्ट बंद खोक्यातच काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड धातूवर बाष्प धरतं. खाडीकाठी किंवा समुद्रालगत राहणाऱ्यांनी सेकंडहँड रॅम आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्यात का ते पाहावं. मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून, कचरा झटकून पुन्हा बसवा. यातून सुटलेल्या तक्रारी बऱ्याच आहेत.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरात अर्थिंग नाही. जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगलं लागायला त्रास होतो, त्यामुळे जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचा नुसता देखावा असतो. काळ्या स्क्रीनचं कारण सहसा हे नसतं, पण माणसाला धोका आहे. वायरमनला बोलावून तपासून घ्या आणि तोपर्यंत मशीन उघडं असताना चालू ठेवू नका.

बायोस अपडेट सोडून बाकी तपासणी करताना मशीन यूपीएसऐवजी थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर मोठं कार्ड असलेलं मशीन बंद पडलं, तर दोष कुठे आहे ते कळतच नाही.

हे टाळा

- एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठलेली राहू शकते.
- सॉकेटमधल्या वाकलेल्या पिना सुईने सरळ करत बसू नका. फोटो काढा आणि आधी विक्रेत्याला कळवा. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड परत घेताना ते मागतात.
- एएम४ बोर्डावरचा कूलर सरळ वर खेचू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो. डावी-उजवीकडे हळू फिरवून सोडवा.

पार्ट खरंच खराब निघाला तर

उसन्या पार्टांवर दोष पक्का झाला की आधी पुरावे गोळा करा: पक्कं बिल, पार्टाचा सीरियल नंबर, खोकं, आणि तपासणीचा छोटा व्हिडिओ. ऑनलाइन मागवलेलं प्रत्येक पार्सल फोडतानाच सलग व्हिडिओ काढायची सवय लावा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते लगेच पाहा. ती संपायच्या आत बदली मागणं हे वॉरंटीत दुरुस्तीला पाठवण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. वाचलेली रक्कम पहिल्याच तक्रारीत जाते. तुमच्या हातात कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. त्यांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं.

विक्रेता दाद देत नसेल तर पायऱ्या अशा:

1. ईमेलने लेखी तक्रार करा. फोनवरचं बोलणं पुढे कामाला येत नाही.
2. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
3. नाही मिटलं, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. दुकान मुंबईत असो वा दिल्लीत, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीतच, तक्रार दाखल करता येते. आपल्यासारख्या दूरच्या ग्राहकांसाठी ही या कायद्यातली मोलाची तरतूद आहे.

आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते. मशीन व्यवसायासाठी घेतलं असेल तर अडचण येऊ शकते, पण स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं चालतं. व्हिडिओ एडिटिंग किंवा डीटीपी करणाऱ्यांनी तक्रारीत ही गोष्ट स्पष्ट लिहावी.

स्थानिक दुकानात द्यायचं ठरवलं तर

खोक्यावर मांडून पाहण्याचं धैर्य नसेल, तर गावातल्या माहितगार दुकानदाराकडे द्या. त्यात कमीपणा नाही. तपासणीचे पैसे किती आणि दोष सापडला नाही तरी द्यायचे का, हे आधी ठरवा. देताना बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कार्डाचे सीरियल नंबर कागदावर लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलंत, कोणता दिवा लागून राहतो, किती बीप येतात, हेही त्याच कागदावर लिहा, म्हणजे त्याला पुढच्या पायरीपासून सुरुवात करता येईल.